दफ्तर कोणाच्या भरवशावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. माहिती साठवण्याची नवी साधने शासकीय कचेऱ्यांनी एकत्र येऊन कशी पारखावीत, हा प्रश्न यंत्रतज्ज्ञांचा. चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रथम एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका विधवा शेतकरी भगिनीबरोबर मी एका तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. वारसनोंदीवरून दिरांशी तंटा चालू होता आणि बाईंना एका जुन्या फेरफाराची नक्कल हवी होती. कारकून सज्जन होता. त्याने कपाटातून सीडींची चळत काढली, वर्ष पाहून एक तबकडी संगणकात घातली. यंत्र थोडा वेळ घुरघुरले आणि गप्प झाले. शेजारच्या नव्या संगणकाला तबकडी घालण्याची सोयच नव्हती. मूळ वहीविषयी विचारले, तेव्हा ‘स्कॅनिंगनंतर वह्या हलवल्या, कोठे, ते आता कोणाला ठाऊक नाही,’ असे उत्तर मिळाले. बाईंना चार हेलपाटे पडले आणि नक्कल शेवटपर्यंत मिळाली नाही. ती तबकडी कोणी निवडली, कोणाच्या शब्दावर निवडली, ती किती वर्षे टिकेल हे कोणी तपासले होते, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कचेरीत कोणापाशी नव्हते.

ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याच्या कागदपत्रांच्या नकला वकिलाकडे असतात, बँकेच्या लॉकरमध्ये असतात. गरिबाचा हक्क मात्र पुष्कळदा सरकारी दफ्तरातल्या एका ओळीवर उभा असतो. ती ओळ पुसली गेली, तर तो हक्कच संशयित ठरतो. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

जुन्या दफ्तराचे मोल किती, ह्याचा प्रत्यय महाराष्ट्राने अलीकडेच घेतला. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि निजामकाळातील कागद बाहेर काढावे लागले. त्या मागणीविषयी आपले मत काहीही असो, दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, अनेक दशके बासनात पडून राहिलेला कागद शाबूत होता. दुसरी अशी की, त्यातील कितीतरी मजकूर मोडी लिपीत असल्याने तो वाचणारे जाणकार शोधावे लागले. दफ्तर जिवंत राहण्यासाठी ह्या दोन्ही गोष्टी लागतात. वस्तू टिकली पाहिजे आणि ती वाचण्याचे साधनही टिकले पाहिजे. तबकडी, फीत, हार्ड डिस्क ह्यांना हाच नियम लागू आहे. त्यांची ‘मोडी’ मात्र दोनशे वर्षांत नव्हे, तर दहा-पंधरा वर्षांत विस्मृतीत जाते.

विक्रेता येतो तो माहितीपत्रक घेऊन. कोणी शंभर वर्षांची ग्वाही देतो, कोणी हजार वर्षांची. तालुक्याच्या कचेरीतला कारकून किंवा जिल्ह्याचा खातेप्रमुख हे दावे तपासणार कसे? शंभर वर्षे थांबून पाहणे कोणालाच शक्य नाही. प्रयोगशाळेत ह्यावर एक उपाय आहे. तबकड्या अतिशय उष्ण आणि दमट पेटीत ठेवतात, ठराविक तासांनी बाहेर काढून वाचनातील चुका मोजतात आणि त्यावरून सामान्य हवामानातील आयुष्याचा अंदाज बांधतात. ह्यासाठी यंत्रे लागतात, शिकलेली माणसे लागतात आणि मुख्य म्हणजे महिनोन्महिने धीर लागतो. कोणत्याही एका कचेरीला हे झेपणार नाही. ते सर्व कचेऱ्यांच्या वतीने एकदाच व्हावे लागते.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशालाही हे काम बाजारावर सोडता आले नाही. तेथील ‘निस्ट’ ही शासकीय मानक संस्था. जतनाची गरज असलेल्या सरकारी खात्यांचा आणि उद्योगाचा एक कार्यगट ह्या संस्थेने जमवला होता. तबकड्या कशा हाताळाव्यात आणि कशा ठेवाव्यात, ह्याची मार्गदर्शिका तिने 2003 साली प्रसिद्ध केली. 2004 साली तिच्या संशोधकांनी एकदा लिहिता येणाऱ्या तबकड्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या सीडींच्या आतील रंगद्रव्य वेगवेगळे असते आणि त्यानुसार आयुष्यात मोठा फरक पडतो, हे त्यातून दिसले. थॅलोसायनिन नावाचे रंगद्रव्य आणि सोने-चांदीच्या मिश्रणाचा परावर्तक थर असलेल्या सीडी सर्वांत टिकाऊ ठरल्या. कारकुनाला वेष्टनावरून हे कळणे शक्य नव्हते. तथापि ह्या अहवालात उत्पादकांची नावे दिलेली नव्हती. ज्यांच्या पैशाने चाचणी झाली, त्यांना कोणता माल चांगला हे मात्र सांगितले नाही! आपण अशी व्यवस्था उभी करू, तेव्हा नावे उघड झाली पाहिजेत.

एकट्याने केलेली चाचणी कशी अपुरी पडते, ह्याचेही एक उदाहरण आहे. ‘एम-डिस्क’ नावाची तबकडी हजार वर्षे टिकेल, असा दावा होता. 2009 साली अमेरिकन नौदलाच्या चायना लेक येथील केंद्राने 85 अंश सेल्सियस उष्णता, 85 टक्के आर्द्रता आणि प्रखर प्रकाश अशा स्थितीत तिची इतर तबकड्यांशी तुलना केली. त्या कसोटीत ती एकटी टिकली. पुढे फ्रान्सच्या राष्ट्रीय मापन व चाचणी प्रयोगशाळेने 90 अंश व 85 टक्के आर्द्रतेत 1000 तासांपर्यंत परीक्षा घेतली, तेव्हा तीच तबकडी साध्या डीव्हीडीहून अधिक टिकत नाही, असे आढळले. दोन्ही प्रयोगशाळा सरकारी. कोणी खोटे बोलले असे मानण्याचे कारण नाही. दोघांच्या अटी निराळ्या होत्या. परंतु विक्रेता ह्यांपैकी कोणता अहवाल बॅगेत घालून आपल्या कचेरीत येईल, हे सांगायला नको. अटी समान असाव्यात, त्या आपल्या हवामानाला धरून असाव्यात आणि निष्कर्ष एका ठिकाणी मांडले जावेत, हे समन्वयाचे पहिले प्रयोजन होय.

दुसरे प्रयोजन मक्तेदारीला आवर घालणे हे आहे. मोठ्या साठवणीसाठी आजही चुंबकीय फीत वापरतात. तिचा ‘एलटीओ’ हा प्रकार 2000 साली बाजारात आला. त्याची यंत्रे बराच काळ मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचत असत. 2017 साली आलेल्या आठव्या पिढीचे यंत्र मागील एकच पिढी वाचते. म्हणजे सहाव्या पिढीच्या फिती असणाऱ्याला एक तर जुने यंत्र जपावे लागते किंवा सारा मजकूर नव्या फितीवर उतरवावा लागतो. पुढे तर त्या फिती बनवणाऱ्या जगात दोनच कंपन्या उरल्या, सोनी आणि फुजीफिल्म. त्यांच्यात पेटंटवरून वाद झाला आणि 2019 साली आठव्या पिढीच्या फितींचा जगभर तुटवडा पडला. ऑगस्टमध्ये दोघांनी तडजोड केली, तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला. फीत वाईट, असे मी म्हणत नाही. वस्तूचा टिकाऊपणा पाहताना तिचा पुरवठा कोणाच्या मुठीत आहे, हेही पाहिले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

आपल्याकडे काहीच नाही, असे नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 7 इलेक्ट्रॉनिक नोंदी पुढेही वापरता येतील अशा रीतीने राखण्यास सांगते. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याचे कलम 4 दफ्तर सूचीबद्ध ठेवण्याची जबाबदारी कचेरीवर टाकते. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदाही 2005 चाच. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डिजिटल जतनाचे केंद्र उभे राहिले आणि जतनविषयक माहितीचे मानक केंद्र सरकारने 2013 च्या डिसेंबरात अधिसूचित केले. कायदे आहेत आणि जाणकारही आहेत. परंतु मी ज्या कचेऱ्या पाहिल्या, तेथे खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर होते आणि टिकाऊपणाचा कागद विक्रेत्याचाच असतो. एका कचेरीत फसलेले साधन दुसऱ्या कचेरीने पुढल्या वर्षी घेऊ नये, अशी व्यवस्था मला कोठे दिसली नाही.

येथे एक आक्षेप येईल. समन्वय म्हणजे सारे एका हाती देणे, आणि केंद्रीकरणाला तर आपला विरोध. आक्षेप योग्य आहे. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी संगणक केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचा मजकूर एका सामायिक भांडारात ठेवावा अशी तेथे योजना होती. ते 858 टेराबाइटचे भांडार जळाले आणि त्याची प्रत बाहेर कोठेही नव्हती. आकार फार मोठा असल्याने प्रत ठेवता आली नाही, असे कारण देण्यात आले. तेव्हा स्पष्ट सांगतो: पारख एकत्र व्हावी, साठवण मात्र विखुरलेली असावी. चाचणीचे ज्ञान सर्वांना मिळावे; नोंदींच्या प्रती जिल्ह्यात, विभागात आणि राज्याच्या अभिलेखागारात स्वतंत्र असाव्यात, आणि त्या एकाच जातीच्या साधनावर नसाव्यात.

खर्चाचा मुद्दाही काढला जाईल. प्रत्येक कचेरीने स्वतंत्रपणे फसण्याचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो हेलपाट्यांच्या रूपाने लोक भरतात.

आपल्या मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक प्रयोगशाळेत चाचणी झाल्याखेरीज कायमच्या नोंदींसाठी कोणतेही साधन घेऊ नये. अहवाल उत्पादकाच्या नावासह मराठीत प्रसिद्ध व्हावा. साधन बंद पडल्यास मजकूर दुसरीकडे कसा नेणार, हे खरेदीच्या करारातच लिहिलेले असावे. आणि दुसरी, वाचून पाहिलेली प्रत हाती असल्याशिवाय मूळ वही जागची हलवू नये.

आपण काय करायचे? आपापल्या तालुक्यात माहितीच्या अधिकाराखाली चार प्रश्न विचारायचे. कायमच्या नोंदी कोणत्या साधनावर आहेत? त्या उघडून वाचून पाहिल्याची शेवटची तारीख कोणती? दुसरी प्रत कोठे आहे? मूळ वह्या कोठे आहेत? उत्तरे एकत्र मांडली, तर निरनिराळ्या कचेऱ्यांत काय टिकले आणि काय फसले, ह्याचा पहिला सामायिक तक्ता आपल्याच हातून तयार होईल. शासनाने करावयाच्या समन्वयाची ती सुरुवात ठरेल. अर्ज करताना कारकुनाला शत्रू मानू नका. त्या दिवशी ती तबकडी उघडेना, तेव्हा बाईंइतकाच तोही ओशाळला होता.