काळ्या आंबाच्या वाटेवरचे कोस मिनार

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण नोकरी-व्यवसायानिमित्त हरियाणात आलो आणि इथलेच झालो. महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण त्यांना पानिपतचा 'काळा आंब' दाखवतो. १४ जानेवारी १७६१ च्या युद्धाचे ते स्मारक. तिथे हात आपोआप जोडले जातात. पण त्याच जिल्ह्यात जुन्या रस्त्याच्या कडेला उभे असलेले कोस मिनार आपण सहसा थांबून पाहत नाही. आज त्यांच्याविषयी चार शब्द.

विटा आणि चुन्याचा, खाली अष्टकोनी, वर गोल व निमुळता होत गेलेला, साधारण तीस फुटी मनोरा म्हणजे कोस मिनार. एक कोस म्हणजे सुमारे तीन किलोमीटर. आग्रा ते लाहोर रस्त्यावर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांना विहीर बांधण्याचा हुकूम जहांगीर बादशहाने १६१९ च्या सुमारास दिला. पुढे रस्ता सरकला. त्यामुळे काही मिनार आज शेतात, तर काही वस्तीत दिसतात.

या मिनारांवर एक अक्षरही कोरलेले नाही. तरी पानिपत समजायला ते फार उपयोगी पडतात. १५२६, १५५६ आणि १७६१ अशी तीन युद्धे इथेच का झाली? कारण वायव्येकडून दिल्लीला जाणारा हा हमरस्ता. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेब कुंजपुऱ्याला असताना अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध आला. पानिपतहून दिल्ली सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे जेमतेम तीस मिनारांचे अंतर. तेवढा रस्ता तुटला आणि छावणीत अन्नान्न दशा झाली. रणांगणावरच्या लढाईआधी मराठ्यांना उपासमारीशी लढावे लागले.

आपल्या बोलण्यात 'पानिपत' म्हणजे सर्वनाश. इथल्या माणसांना ते हातमागाचे आणि पचरंगा लोणच्याचे गाव. इथल्या रोड समाजातील अनेकजण स्वतःला त्या युद्धातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. इतिहासकारांत यावर एकमत नाही. पण ते आपल्याला आपले म्हणतात, हे लहानसहान नाही. मग त्यांचा जिल्हा आपण फक्त आपल्या दुःखापुरताच पाहायचा का?

माझी एक विनंती आहे. पुढच्या उत्सवापर्यंत प्रत्येक कुटुंबाने एकेका मिनारापर्यंत जावे. मुलांना सोबत न्यावे. शेजारच्या गावातल्या वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारावे आणि ते सांगतील ते वहीत उतरवून आणावे. मिनाराला कायद्याचे संरक्षण आहे, म्हाताऱ्यांच्या आठवणींना नाही.