दिवे उजळतात आणि रेडिओ खरखरतो

रात्रीच्या मालवाहतुकीत ट्रकचालकाला दोन सोबती असतात. एक समोरचा उजेड आणि दुसरा कानाशी बोलणारा रेडिओ. उजेड वाट दाखवितो, रेडिओ जागे ठेवतो. हे दोघे सोबती एकमेकांशी भांडू लागले तर चालकाने कोणाची बाजू घ्यावी? प्रश्न गमतीचा वाटेल. परंतु ज्यांनी आपल्या गाडीला बाजारातून आणलेले एलईडी दिवे बसवून घेतले आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांना तो रोज दिवेलागणीला छळत असतो.

बेळगावहून भाजीपाला भरून गोव्याकडे निघालेला एखादा ट्रक डोळ्यांपुढे आणावा. मालकाने नुकतेच नवे दिवे बसविले आहेत. दिवस मावळतो, चालक कळ दाबतो, रस्ता चांदण्यासारखा उजळून निघतो आणि त्याच क्षणी रेडिओवरचे गाणे खरखरीत बुडून जाते. दिवे मालवले की गाणे परत येते. दुसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रीकडे जाते. मेस्त्री प्रथम एरियल बदलतो, मग रेडिओच बदलतो, शेवटी नवी वायर ओढतो. पैसे खर्च होतात, एक फेरी बुडते आणि खरखर होती तेथेच राहते. असे का व्हावे? तर रोग ओळखण्याच्या आधीच औषध सुरू झाले, म्हणून. खरखरीला वाट असते; ती वाट आधी शोधली पाहिजे.

त्यासाठी हा आवाज मुळात उत्पन्न कसा होतो, ते पाहावे लागेल. जुन्या दिव्यात एक तार असे. विजेने ती तापे आणि तापून प्रकाश देई. विजेचा दाब थोडा कमीजास्त झाला तरी तिचे फारसे अडत नसे. एलईडीची जात निराळी आहे. तो अर्धवाहक पदार्थाचा इवलासा तुकडा असून दाब जरासा वाढला तरी त्यातून जाणारा प्रवाह एकदम वाढतो आणि तो जळून जातो. मोठ्या ट्रकची विद्युत्-व्यवस्था नावाला २४ व्होल्टची. पण इंजिन सुरू असता दाब २८ व्होल्टच्या आसपास जातो. अशा चढउतारात एलईडी टिकावा म्हणून दिव्याच्या पोटात एक नियामक मंडल बसवितात. त्यालाही ‘ड्रायव्हर’ असेच म्हणतात. म्हणजे गाडीला एक ड्रायव्हर आणि दिव्याला दुसरा!

हा दुसरा ड्रायव्हर वीज सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा जोडतो आणि तोडतो, आणि अशा रीतीने दिव्याला मोजका प्रवाह पुरवितो. या जोडतोडीच्या प्रत्येक झटक्यातून सूक्ष्म रेडिओलहरी निघतात. समजा, एखाद्या दिव्यात ही जोडतोड सेकंदाला दीड लाख वेळा, म्हणजे १५० किलोहर्ट्झ या गतीने होते. तिच्या पटीत ६००, ७५०, ९००, १०५०, १२००, १३५० आणि १५०० हे आकडे येतात, आणि हे सारे मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. झटके जितके तीव्र तितक्या या पटी दूरवर पोचतात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम पट्ट्यालाही त्या गाठतात. ज्या तारांनी दिव्याला वीज मिळते त्याच तारा मग एरियलसारखे काम करून हा उपद्रव सर्वत्र पसरवितात.

चांगला कारखानदार यावर उपाय आधीच योजतो. दिव्यात शिरणाऱ्या विजेच्या वाटेवर तो तारेचे एक वेटोळे, म्हणजे चोक, आणि एक कपॅसिटर बसवितो. नियामक मंडलाला धातूचे आवरण घालतो. स्वस्त दिव्यात नेमकी हीच काटकसर केलेली असते. कारण हे भाग गाळले तरी दुकानातल्या फळीवर दिवा तितकाच लखलखीत दिसतो. डोळ्याला जे दिसत नाही ते वगळले जाते आणि त्याची किंमत पुढे कान भरतो.

आता शोधाकडे वळू. गाडी रस्त्यावर धावत असताना असला शोध करू नये. मोकळ्या जागी, चाकांना अडण लावून, शांतपणे तो करावा. पहिल्याने तीन साधे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा की, रेडिओ पूर्ण बंद केल्यावरही आवाज येतो काय? येत असेल तर तो विजेचा उपद्रव नव्हे. पुष्कळ एलईडी दिव्यांच्या पाठीमागे ते थंड राहावेत म्हणून छोटा पंखा असतो. त्यात धूळ भरली किंवा त्याची बेअरिंग झिजली की तो घरघरतो. हा आवाज दुर्लक्षू नये. पंखा थांबला की दिवा तापतो, मंदावतो आणि अकाली मरतो. धूळ झाडून, पाठीमागचे रबरी झाकण पात्यांना टेकत नाही ना हे पाहूनही घरघर थांबत नसेल, तर दिवा बदलणेच बरे.

दुसरा प्रश्न असा की, दिवे मालवलेले असतानाही, केवळ गाडी वेगात असता शिटीसारखा आवाज येतो काय? टपावर बसविलेल्या लांब दिवापट्टीच्या पाठीवरील खाचांतून वारा कापला गेला की ती बासरीसारखी वाजते. तेथे वायर शोधण्यात काही अर्थ नाही. पट्टीचा कोन किंचित बदलावा, तिच्या कडेला रबराची पट्टी लावावी, सैल झालेले नटबोल्ट आवळावेत.

तिसरा प्रश्न असा की, रेडिओतील आवाज इंजिनाच्या गतीबरोबर चढतो आणि उतरतो काय? तसे असेल तर संशय आल्टरनेटरवर घ्यावा, कारण त्यातील एखादा डायोड बिघडला तर असा चढता सूर निघतो. येथे दिवे निर्दोष असतात. उलट इंजिन बंद असता, केवळ बॅटरीवर दिवे लावताच खरखर सुरू होत असेल, तर गुन्हेगार दिव्यांतच आहे असे समजावे.

तो नेमका कोणता, हे ठरविण्यासाठी एकेका दिव्याची जोडणी काढावी आणि रेडिओ ऐकावा. रेडिओ एखाद्या दूरच्या, क्षीण केंद्रावर लावलेला असावा. जवळचे बलवान केंद्र उपद्रव झाकून टाकते. पेटीवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर येथे मोठ्या कामाला येतो. मध्यम लहरींवर तो लावून दिव्याजवळ, मग तारांच्या कडेकडेने हळूहळू न्यावा. जेथे खरखर अंगावर येते तेथे उगम जवळ आहे. ट्रान्झिस्टरच्या आतील फेराइटच्या दांड्याचे टोक उगमाकडे वळले की आवाज पडतो. या गुणामुळे दिशाही कळते.

उगम सापडला, तरी वाट सापडायची राहिली. उपद्रव रेडिओत दोन वाटांनी शिरतो: एक हवेतून एरियलमार्गे, दुसरी वीजपुरवठ्याच्या तारेतून. परीक्षा सोपी आहे. रेडिओच्या पाठीमागची एरियलची जोडणी क्षणभर काढावी. खरखर थांबली तर ती एरियलमार्गे येत होती. कायम राहिली तर बहुधा तारेतून येत आहे. दुसरी परीक्षा म्हणजे, संशयित दिवा गाडीपासून वेगळ्या केलेल्या, तितक्याच व्होल्टच्या बॅटरीवर लावून पाहावा. तरीही रेडिओ खरखरला तर उपद्रव हवेतून येतो हे निश्चित.

आता उपायांची पाळी. आणि तेही स्वस्तापासून महागाकडे, या क्रमाने करावेत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. प्रथम अर्थ पाहावी. दिव्याची काळी तार ज्या जागी चॅसीला जोडली आहे तेथील रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करावा व जोड घट्ट आवळावा. एरियलच्या बुडाशीही हेच करावे. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत फिरणाऱ्या गाड्यांत पुष्कळ वेळा एवढ्यानेच निम्मा उपद्रव शमतो. त्यानंतर दिव्याच्या जाणाऱ्या आणि परतणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्याव्यात व एरियलच्या केबलपासून दूर ठेवाव्यात. तिसरा उपाय फेराइटच्या कड्याचा. ते दिव्याच्या अगदी जवळ, दोन्ही तारा एकत्र धरून बसवावे. एफएमच्या उपद्रवावर ते चांगले चालते; मध्यम लहरींसाठी तारेचे अनेक वेढे द्यावे लागतात आणि फेराइटही त्या कामाच्या जातीचे लागते.

एवढ्याने न भागले तर चोक व कपॅसिटर असलेला फिल्टर दिव्याजवळ बसवावा. चोक दिव्याचा प्रवाह सोसणारा हवा. ६० वॅटचा दिवा २४ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो, तर लहान टेम्पोच्या १२ व्होल्टवर पाच. कपॅसिटर १०० व्होल्ट क्षमतेचा घेणे बरे, कारण आल्टरनेटर काम करीत असता बॅटरीची जोडणी सुटली तर दाब क्षणभर २८ च्या कितीतरी वर उसळतो. फ्यूज मात्र कोणत्याही कारणाने वगळू नये. चालकाच्या झोपेची आणि मालाची राखण तोच करीत असतो.

या साऱ्या खटाटोपाचे मोल केवळ एका गाण्यापुरते आहे, असे कोणी म्हणेल. समुद्रावर घडलेली एक गोष्ट त्याला उत्तर देईल. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने नाविकांसाठी एक सुरक्षा-सूचना काढली. जहाजांवरील काही एलईडी दिवे व्हीएचएफ रेडिओला आंधळे करीत होते. एका बंदरात तर किनाऱ्यावरील बचाव-केंद्राला एका जहाजाशी रेडिओवरून संपर्क साधणे अशक्य झाले. यातला खरा धोका असा की, अशा संचात खरखर दाबून टाकणारी योजना असते. त्यामुळे कानाला काहीच ऐकू येत नाही. दुरून आलेली क्षीण हाक मात्र निमूटपणे हरवते. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, पोलिसांची गाडी, ज्या ज्या वाहनात बिनतारी संच आहे, तेथे हे लक्षात ठेवले पाहिजे. खरखरणारा दिवा एका अर्थी प्रामाणिकच. तो आपला दोष ओरडून सांगतो. मुका उपद्रव अधिक घातक.

तेव्हा दिवा विकत घेतानाच चार प्रश्न विचारावेत. तो आपल्या गाडीच्या व्होल्टचा आहे काय? वाहनांतील रेडिओ-उपद्रवासाठी सीआयएसपीआर २५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दिवा त्यानुसार तपासलेला आहे काय? त्याचा कोणता वर्ग दिव्याने गाठला? आणि खरखर झाल्यास दुकानदार तो परत घेईल काय? शक्य असेल तर दुकानापाशीच गाडी उभी करावी, रेडिओ क्षीण केंद्रावर लावावा, दिवा बॅटरीला तात्पुरता जोडून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत. पाच मिनिटांची ही परीक्षा पाच फेऱ्यांचा मनस्ताप वाचविते.

शेजाऱ्याचे अंगण अंधारात टाकून आपल्या दारी लावलेल्या दिव्याचे कौतुक कोणी करीत नाही. गाडीतल्या दिव्यालाही तोच न्याय लावावा. त्याने रस्ता उजळावा आणि शेजारच्या रेडिओलाही बोलू द्यावे. मग ट्रक घाट उतरत असता समोर उजेड असेल, कानाशी माणसाचा आवाज असेल आणि चालकाला दोघांपैकी कोणालाही सोडावे लागणार नाही.