बाळाची वाटी आणि पेंडीची बुरशी
(तेर येथील बैठकीतील भाषण)



बाळाच्या दुधाच्या तपासणीचा विषय निघाला की तो शहरवाल्यांचा, असे आपण धरून चालतो. पण त्याची सुरुवात आपल्या गोठ्यात होते.

शेंगदाण्याची वा सरकीची पेंड, मका ओलसर राहिला की बुरशी धरते. त्यातल्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ती पेंड गाईने खाल्ली की विषाचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही, भुकटी करूनही जात नाही. हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरू शकते. वरच्या दुधावरच्या लेकराचे वजन ते किती आणि त्याच्या पोटात जाते ते बहुतेक दूधच! मोठ्यांपेक्षा धोका त्यालाच जास्त.

आपल्याकडे दुधाला मर्यादा आहे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. युरोपात ती याच्या दहावा हिस्सा आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात हे प्रमाण अधिक होते. म्हणजे पिशवीवर छाप बसली की दूध निर्धोक झाले, असे नाही.

संकलन केंद्रावर आपले दूध फॅट आणि एसएनएफवर जोखतात. ही दोन्ही यंत्रे विष दाखवत नाहीत. उद्या विष सापडले तर बोट कोणाकडे दाखवतील? पेंड विकणाऱ्याकडे नव्हे, आपल्याकडे!

म्हणून मागणी अशी : पेंडीची तपासणी कारखान्याच्या दारात व्हावी, निकाल पोत्यावर छापावा. दुधाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हावी, निकाल उत्पादकाला लेखी मिळावा. २०१५ साली मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली, त्याचे एक कारण प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती हेच होते. कच्ची तपासणी ना ग्राहकाच्या कामाची, ना आपल्या. आणि निर्धोक दुधाला वेगळा भाव हवा. तपासणीचा खर्च लिटरमागे कापून घेऊ नये.

आपल्या हातातले मात्र आजच करू. पेंडीची पोती भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. मका कडकडीत वाळवा. बुरशीची पेंड "जनावराला चालते" म्हणून गव्हाणीत टाकू नका. जनावराला चालले तरी ते लेकराच्या वाटीत उतरते, आणि त्यातली पहिली वाटी आपल्याच घरातली असते.