टॉर्व्हिल आणि डीन : बर्फावरील सहनृत्य

पीण्यातील यंत्रशाळांत पोलादाला धार लावणाऱ्यांना हिमनर्तकाच्या बुटाखालचे पाते फार समजावून सांगावे लागणार नाही. सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या त्या पात्याच्या तळाशी लांबीच्या दिशेने उथळ खाच घासलेली असते. तिच्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा निर्माण होतात व नर्तक त्यांपैकी एकीवर झुकून वळण घेतो. बर्फनृत्याचे सारे शास्त्र या कडांवर उभे आहे. जोडीदाराला फेकून झेलण्याचे साहस या नृत्यात वर्ज्य असते. उभयतांनी निकट राहून संगीताचा ताल पायांनी प्रकट करावयाचा असतो.

या कलेतील बहुधा सर्वांत विख्यात जोडी लेस, सायकली आणि सिगारेटी यांच्या कारखान्यांसाठी एकेकाळी ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरातली. जेन टॉर्व्हिल विमा कंपनीत कारकून होती, तर ख्रिस्तोफर डीन पोलीस शिपाई. १९७५ साली ते एकत्र आले. डीनची पाळी सांभाळून, इतरांसाठी मैदान बंद असे अशा अवेळी, त्यांचा सराव चाले. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये त्यांना पाचवा क्रमांक मिळाला. एवढ्या भांडवलावर दोघांनी नोकऱ्या सोडल्या! शहराच्या नगरपरिषदेने ४२,००० पौंडांचे अनुदान दिले, म्हणून हे धाडस तगले. प्रशिक्षिका बेटी कॅलवे यांच्या देखरेखीखाली १९८१ पासून त्यांनी सलग चार वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले.

१९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकसाठी त्यांनी रावेल या फ्रेंच संगीतकाराची १९२८ मधील ‘बोलेरो’ ही रचना निवडली. एकच ताल पुनःपुन्हा येत हळूहळू चढत जाणारी ही रचना सुमारे पाव तासाची आहे. ती कितीही आटवली तरी ४ मिनिटे २८ सेकंदांखाली येईना, आणि नियमानुसार मर्यादा होती ४ मिनिटे १० सेकंदांची. तथापि, वेळेची मोजणी पाते बर्फावर चालू लागल्यापासून होत असे. म्हणून नृत्याचा आरंभ दोघांनी गुडघ्यांवर बसून केला. पहिली १८ सेकंदे केवळ बाहू, मान आणि धड डोलत राहिले. अडचणीतून सुचलेली ही युक्ती पुढे नृत्याचे सर्वांत स्मरणीय अंग ठरली. १४ फेब्रुवारीला नऊही परीक्षकांनी कलात्मकतेसाठी त्यांना पूर्ण ६ गुण दिले. तंत्रासाठीचे तीन धरून असे बारा षट्कार झाले.

त्याच वर्षी ते व्यावसायिक झाले, आणि हौशी खेळाडूंपुरत्या असलेल्या ऑलिंपिकचे दार त्यांना बंद झाले. नियम सैल होताच १९९४ मध्ये ते लिलहॅमरला परतले. तेथे कांस्यपदक मिळाले. सारायेव्होचे ते क्रीडागृह बोस्नियाच्या युद्धात उद्ध्वस्त झाले होते. ते पुन्हा बांधले गेले, आणि २०१४ साली तेथेच दोघांनी ‘बोलेरो’ पुन्हा सादर केले. तेव्हा दोघांनीही पंचावन्न वर्षे ओलांडली होती.