घरबसल्या बाजार : यश कशात, अपयश कशात?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीच्या मुलाला पुढे काय करणार असे विचारले, तर आजकाल "ॲप काढणार, ऑनलाइन धंदा करणार" असे उत्तर हमखास मिळते. ही हौस वाईट मुळीच नव्हे. व्यापार हा आपल्याकडे मानाचा व्यवसाय आहे. परंतु त्या उत्तरापाठोपाठ घरातले दागिने मोडण्याची, व्याजाने पैसा उचलण्याची आणि कॉलेज सोडण्याची भाषा सुरू होते, तेव्हा आई-बापांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आज आपण शांतपणे विचार करू की हा धंदा कशाने चालतो आणि कशाने बुडतो.

प्रथम अर्थ समजून घ्यावा. आपण आपलीच चिक्की मोबाईलवरून विकली तर ते ऑनलाइन दुकान झाले. परंतु विकणारे दुसरे, घेणारे दुसरे, आणि आपण दोघांची गाठ घालून अडत घ्यायची, तर ती ऑनलाइन बाजारपेठ. म्हणजे मार्केट यार्डातल्या अडत्याचेच हे काम. बाजार नेहमी वाटेच्या मागे जातो. खंडाळ्याच्या घाटातून १८६३ साली रेल्वे धावू लागली, २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि आता तिसरी वाट मोबाईलची आहे. वाट नवी असली तरी बाजाराचे कायदे जुनेच आहेत. त्यांपैकी चार सांगतो.

पहिला कायदा : बाजार आधी एका कोपऱ्यात भरवावा. माल नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मालवाला येत नाही. हे कोडे सोडवताना बहुतेक नवे धंदे मरतात. लोकांची घरे पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी ही कंपनी २००८ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला निघाली. तिचाही जम बसेना. तेव्हा २००९ साली तिचे चालक स्वतः न्यूयॉर्कला गेले, घरोघर जाऊन घरमालकांना भेटले आणि त्या घरांची चांगली छायाचित्रे काढून दिली. तेथून धंदा उभा राहू लागला. आपल्या पुण्यातली फर्स्टक्राय २०१० साली केवळ लहान मुलांच्या वस्तूंपुरती सुरू झाली. बाळंतिणींना रुग्णालयातच भेटीचा खोका देऊन तिने आपले नाव घराघरात पोचवले, शहरोशहरी दुकानेही काढली, आणि २०२४ साली तिचे भाग शेअर बाजारात आले. तात्पर्य, लोणावळ्याच्या मुलाने पहिल्याच दिवशी सबंध महाराष्ट्राचे ॲप काढू नये. तुंगार्ली, वळवण आणि खंडाळा येथले वीस बंगले नीट सांभाळून दाखवावेत.

दुसरा कायदा : अमानत. हा सर्वांत मोठा. समोरासमोरच्या बाजारात आपण तांदूळ मुठीत घेऊन पाहतो, वास घेतो. मोबाईलवर ते नाही. विकणाऱ्याला भीती की पैसे मिळतील का, घेणाऱ्याला भीती की माल येईल का. चीनमध्ये ही भीती ज्याने घालवली तो जिंकला. तेथे अलिबाबा कंपनीने २००३ साली ताओबाओ ही बाजारपेठ काढली. विक्रेत्यांकडून माल मांडण्याचे पैसे घेतले नाहीत, आणि अलिपे ही सोय केली. गिऱ्हाइकाचे पैसे मधल्यामध्ये जपून ठेवायचे आणि माल मिळाल्याचे त्याने कळवल्यावरच विक्रेत्याला द्यायचे. त्या वेळी ईबे ही अमेरिकन कंपनी चीनमध्ये पुढे होती. तिला २००६ साली आपले तेथले संकेतस्थळ आवरते घ्यावे लागले. आपल्या देशातही २०१० साली फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय केली, तेव्हा ज्यांच्याजवळ कार्ड नव्हते असे लोकही खरेदी करू लागले.

बंधूंनो, मधल्याने दोघांचा पैसा जपावा ही कल्पना आपल्याला परकी आहे काय? प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना नबुवतीपूर्वीच लोक 'अल-अमीन' म्हणत. हजरत खदिजा (र.) यांनी आपला माल त्यांच्याच हाती शामच्या व्यापारासाठी सोपवला होता. पुढे बाजारात एका धान्याच्या राशीत हात घातला असता आतले धान्य ओले लागले, तेव्हा ते लपवल्याबद्दल त्यांनी विक्रेत्याला कडक शब्दांत समज दिली. आज मोबाईलवर सुंदर छायाचित्र वर आणि ओला माल खाली, असेच घडते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या इंद्रायणी तांदळाच्या नावाखाली दुसराच तांदूळ पाठवला, किंवा दुसऱ्याच्या बंगल्याचे छायाचित्र टाकून आगाऊ रक्कम घेतली, तर फसतो एक आणि बदनाम सगळी बाजारपेठ होते. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या नावावर अशी फसवणूक होऊन पर्यटकांना पोलिसांत जावे लागले आहे. म्हणून बाजार काढणाऱ्याने प्रत्येक विक्रेता डोळ्यांनी पाहून घ्यावा. "मी फक्त जागा दिली" हे उत्तर पुरत नाही. मुंबईत २००० साली निघालेली बाझी डॉट कॉम ईबेने २००४ साली विकत घेतली. त्याच वर्षी एका विक्रेत्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली आणि अटक झाली ती कंपनीच्या प्रमुखाला. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला, परंतु तोवर २०१२ साल उजाडले होते.

तिसरा कायदा : दोघांची एकदा गाठ पडली की मधला नकोसा होतो. पाहुणा बंगल्याच्या मालकाचा नंबर घेतो आणि पुढच्या पावसाळ्यात थेट फोन करतो. नळवाला, वायरमन, घरकाम करणारी बाई यांचेही तेच. अमेरिकेत घरसफाईसाठी माणसे मिळवून देणारी होमजॉय ही कंपनी पहिली सफाई अगदी स्वस्तात देई. पुष्कळ गिऱ्हाइके एकदाच आली, काहींनी कामगारांशी परस्पर ठरवले, आणि २०१५ साली कंपनी बंद पडली. तेव्हा मधल्याने दर वेळी उपयोगी पडले पाहिजे. पैशाची हमी, तक्रारीचा निकाल, नुकसानीची भरपाई यांतले काही देत असेल, तरच त्याची अडत हक्काची.

चौथा कायदा अंकगणिताचा. विद्यार्थ्यांनी वही काढावी. समजा, अर्धा किलो चिक्की २५० रुपयांना विकली. माल व मजुरी १५०, वेष्टन १५, बाजारपेठेचे कमिशन व इतर आकार ४०, पोचवण्याचा खर्च ५०. बेरीज २५५. म्हणजे पाच रुपये पदरचे गेले, आणि पार्सल परत आले तर येण्या-जाण्याचा खर्च निराळा. आता बाजारपेठ काढणाऱ्याचे पाहू. समजा, एका ऑर्डरमागे कमिशन २५ रुपये मिळते आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी सूट ५० रुपयांची दिली. शंभर ऑर्डरींना २,५०० रुपये तोटा, हजार ऑर्डरींना २५,०००. धंदा वाढला की तोटाही वाढला! मोठ्या कंपन्या हे सोसतात, कारण मागे गुंतवणूकदार असतात. वॉलमार्टने २०१८ साली सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचे ७७ टक्के भाग घेतले, तेव्हाही ती तोट्यातच होती. आपल्यामागे कोण आहे? आईच्या बांगड्या! सुटीला भुललेले गिऱ्हाईक सूट संपताच जाते, भरवशाने आलेले टिकते.

पालकांना माझी विनंती अशी. मुलाला एकदम नाही म्हणू नका आणि एकदम पैसाही देऊ नका. शिक्षण चालू ठेवून तीन महिने मोबाईल आणि वही एवढ्यावर छोटा प्रयोग करू द्या. जुने गिऱ्हाईक सुटीशिवाय आपण होऊन परत आले का, हे एकच विचारा. आले असेल तर पुढचे पाऊल टाकावे. मुलींकडेही लक्ष द्या. शिवणकाम, मसाले, मेंदी असा त्यांचा हुन्नर ऑनलाइन विकला जात असेल तर बँकेचे खाते तिच्या नावाने असावे आणि पासवर्ड तिच्या हाती असावा.

विद्यार्थी मित्रांनो, टक्केवारी येत नसेल तर कमिशन कळणार नाही. भाषा येत नसेल तर कराराच्या अटी वाचता येणार नाहीत आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाला नम्र उत्तर लिहिता येणार नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. ई-वाणिज्याचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली आले असून त्यांनुसार तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. हे सारे वाचून समजण्यासाठीच शाळा आहे. धंदा करण्यासाठी शाळा सोडणे म्हणजे तराजू विकून दुकान टाकणे होय.

ॲप कोणीही पैसे देऊन बनवून घेईल. 'अमीन' हे नाव मात्र विकत मिळत नाही, ते वर्षानुवर्षे कमवावे लागते. अल्लाह तआला आपल्या मुलांना ते नाव मिळवण्याची तौफीक देवो आणि त्यांच्या हलाल कमाईत बरकत देवो.

खुदा हाफिज. जय हिंद!