हळदीची साक्ष



जैवविविधतेचा जागतिक कायदा म्हटलं की वाटतं, हे वाघवाल्यांचं आणि शास्त्रज्ञांचं काम. आपल्यापुढे पोटगी, मारहाण, रेशन एवढं पडलंय, त्यात हे कुठे? मलाही तसंच वाटायचं. म्हणून सुरुवात मिसळणाच्या डब्यापासूनच करते.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. शोध कोणता? हळदीने जखम भरते! आपल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि ऑगस्ट 1997 मध्ये ते रद्द झालं. आपण टाळ्या वाजवल्या. पण ते कशाच्या जोरावर रद्द झालं? बोट कापलं की हळद दाबायची, हे बाया पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या, हा पुरावा तिथे चालत नव्हता. परदेशातली माहिती छापलेली असेल तरच धरायची, असा त्यांचा तेव्हाचा कायदा. मग संस्कृत, उर्दू, हिंदी लिखाण धुंडाळून 32 संदर्भ जमवावे लागले. त्यात 1953 सालचा वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. पोथीची साक्ष धरली, आजीची नाही.

त्याआधीच, 1992 साली, रिओ इथे जैवविविधता करार झाला होता. जैवविविधता राखण्यात स्त्रियांची भूमिका मोलाची आहे आणि धोरण ठरवताना सर्व पातळ्यांवर त्यांचा पूर्ण सहभाग हवा, हे त्याच्या प्रास्ताविकात आहे. आठव्या कलमात स्थानिक समूहांच्या ज्ञानाचा मान राखा, त्यांच्या संमतीने वापरा, लाभ वाटून घ्या, असंही आहे. मात्र सुरुवातीलाच ‘राष्ट्रीय कायद्याच्या अधीन राहून’ अशी पाचर मारलेली. अमेरिका तर या करारात आजवर सामीलच झालेली नाही.

या करारातून आपल्याकडे 2002 चा जैवविविधता कायदा आला. स्थानिक संस्थेची समिती, लोकांची नोंदवही, आणि 2004 च्या नियमांप्रमाणे तेव्हा समितीत निदान एक तृतीयांश बाया. कागदावर उत्तम. 2019 साली हरित लवादाने मुदत घातली तेव्हा नोंदवह्यांची एकच धांदल उडाली. मी एका गावात समितीतल्या बाईंना विचारलं, वहीत काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, “सही कर म्हणाले, केली.” या बाईंना पावसाळ्यातल्या रानभाज्या नावानिशी माहीत. कुठली कोवळीच खायची, कुठली दोनदा उकळून पाणी फेकायचं, सगळं तोंडपाठ. वहीत त्यातलं काही असेल का, त्यांनाच ठाऊक नाही.

आता यातली खरी मेख. 2023 च्या दुरुस्तीने ‘संहिताबद्ध’ पारंपरिक ज्ञान, म्हणजे मान्य ग्रंथांत आलेलं ज्ञान, वापरणाऱ्या देशी उद्योगांना लाभवाटपातून सूट दिली. म्हणजे लिहिलेलं नसेल तर पुरावा नाही, आणि ग्रंथात गेलं की वाटा नाही! बाईला दोन्हीकडून डावललं. पण तिचं ज्ञान बहुधा ग्रंथात नसतंच. ते गावच्या वहीत तिच्या सांगण्यावरून उतरलं, तर हक्क सांगायला निदान जागा उरते.

तेव्हा परत गेलात की एवढं करा. ग्रामपंचायतीत जाऊन वही मागा. बायांच्या बैठकीत ती मोठ्याने वाचून घ्या. कुणी सांगितलं, कुणाला विचारून लिहिलं, कोणती गोष्ट बाहेर द्यायची नाही, हे बायांनीच ठरवावं. आणि वाचून होईपर्यंत सही करू नका.