माळीवाडा वेस ते दिल्ली दरवाजा: नकाशा हातात, नगर पायाखाली
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी दहाच घेतो, कारण मला तुमच्याकडून भाषणाला टाळ्या नकोत, एका रविवारची सकाळ हवी आहे.

आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर 1884 साली छापलं गेलं. वेशी, बाजार, पेठा, मशिदी, देवळं, पाण्याचे नळ, सगळ्याची नोंद त्यात आहे आणि आज ते कुणालाही मोबाईलवर फुकट वाचता येतं. इस्रोच्या 'भुवन'वर उपग्रहाची छायाचित्रं आहेत. 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा नकाशा तर 2004 पासून जगभरची साधी माणसंच भरतायत; त्यात आपली गल्ली आपणही भरू शकतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. हे सगळं सरकारी किंवा सार्वजनिक, म्हणजे आपलंच. पण कागदावरची माहिती रस्त्यावर उतरली नाही, तर तिचा उपयोग काय?

म्हणून बेत असा. माळीवाडा वेशीपासून दिल्ली दरवाजापर्यंत पायी जायचं. वाटेत आठ-दहा थांबे. प्रत्येक थांब्यावर एक क्यूआर कोड. तो स्कॅन केला की एक मिनिटाची माहिती ऐकू येईल आणि शेवटी एक प्रश्न विचारला जाईल. उत्तर तिथेच बघून शोधायचं. मोबाईल नसलेल्या आजी-आजोबांसाठी छापील पत्रिका असेल, आणि खरं तर त्यांचीच मला जास्त गरज आहे. का, ते सांगतो.

मलिक अहमदने हे शहर वसवलं. पुढे निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शहापूर अशा ठिकाणांहून शहरात आणि बागांत पाणी आलं, ते खापरी नळांनी. भाजलेल्या मातीचे नळ एकमेकांत बसवून, चुन्याने सांधून, जमिनीखालून उताराने आणलेले. पंप नाही, वीज नाही. आज आपण मुळा धरणाचं पाणी विळदमार्गे पंपाने उचलून आणतो. वीज गेली की नळाला पाणी येत नाही, हे गृहिणींना वेगळं सांगायला नको.

हे खापरी नळ गॅझेटियरमध्ये आहेत. पण नेमके कोणत्या बोळातून, कोणाच्या अंगणाखालून गेलेत? रस्ता खोदताना खापऱ्या निघतात, मुरमाबरोबर ट्रॉलीत भरून जातात, आणि नकाशावर एक ठिपकाही पडत नाही. कोणत्या वाड्यात हौद होता, कुठे नळ उघडा दिसायचा, हे आपल्यातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना ठाऊक आहे. ती माहिती कुठल्याच संकेतस्थळावर नाही. ती तुमच्याबरोबर जायच्या आत नोंदवायची आहे.

तेव्हा प्रत्येक थांब्यावर एक बटण उलट्या दिशेचंही असेल: 'तुम्हाला काय आठवतं?' आजोबांनी बोलायचं, नातवाने रेकॉर्ड करायचं, ठिकाणाची खूण करायची. दोन-तीन जणांच्या सांगण्यात मेळ बसला आणि जागेवर काही दिसलं, तर 'खात्रीचं'; नाहीतर 'ऐकीव'. हा भेद पाळलाच पाहिजे. डोंगरावरच्या ज्या वास्तूला आपण सगळे 'चाँदबीबी महाल' म्हणतो, ती मुळात सलाबतखानाची कबर आहे. बोलीतलं नावही ठेवू, नोंदीतलंही ठेवू; पण दोन्हींची गल्लत करणार नाही. खासगी घरातली विहीर किंवा हौद मालकाच्या परवानगीशिवाय नकाशावर चढवायचा नाही, हेही ठरलं.

खर्च? क्यूआर छापायचे, पत्रिका काढायच्या, आणि शेवटी मिसळ. तेवढं महोत्सव निधीतून होईल, खजिनदार मान हलवतायत.

पंचवीस वर्षांत आपण पार्किंग, लिफ्ट, पाण्याची टाकी यांवर पुष्कळ सभा घेतल्या. टाकीत पाणी कुठून येतं आणि पूर्वी कुठून यायचं, हे मुलांना एकदा पायी दाखवू. नावनोंदणीची वही दाराशी ठेवली आहे. जाताना नाव लिहा, आणि शेजारच्या आजोबांचंही लिहा.